हौशी बिनतारीचें यंत्र : घरीं बांधावें कीं विकत घ्यावें ?

बिनतारी संदेशविद्येची गोडी लागलेला विद्यार्थी थोड्याच दिवसांत एका प्रश्नाशीं येऊन अडतो. दुसऱ्या गांवच्या व दुसऱ्या देशांतल्या हौशी मंडळीशीं आपण बोलावें अशी इच्छा त्याच्या मनांत उत्पन्न होते. पण त्यासाठीं लागणारें यंत्र आणावें कोठून? बाजारांत तयार यंत्र मिळतें, परंतु त्याची किंमत ऐकून वडिलांच्या कपाळास आंठ्या पडतात. घरीं बांधूं म्हटलें, तर पोरखेळांत पैसा आणि अभ्यासाचा वेळ दोन्ही फुकट जातील अशी धास्ती आईला वाटते. या दोन्ही शंका रास्त आहेत. त्यांचा विचार करण्यापूर्वीं ही विद्या काय आहे व ती कशी वाढली हें थोडक्यांत पाहिलें पाहिजे.

हल्लीं जिला सर्वत्र हॅम रेडिओ म्हणतात तीच ही हौशी बिनतारी. द्रव्यलाभाचा हेतु न ठेवतां, केवळ या विद्येच्या आवडीनें, सरकारी परवाना घेऊन जो आपलें बिनतारी केंद्र चालवितो तो हौशी बिनतारीकार होय. सर्व राष्ट्रांनीं मिळून केलेल्या नियमांत या सेवेचे तीन हेतु सांगितले आहेत : स्वतःचें शिक्षण, परस्परांशीं दळणवळण आणि तांत्रिक शोध. यांत शिक्षणाला पहिलें स्थान दिलेलें आहे, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें. आपल्या देशांत केंद्र सरकार त्यासाठीं परीक्षा घेतें. बारा वर्षें पुरीं झालेल्या मुलामुलींस ती देतां येते. उत्तीर्ण होऊन परवाना मिळाला म्हणजे 'व्ही-यू' या अक्षरांनीं आरंभ होणारी स्वतःची संकेतखूण मिळते. या परवान्यांत एक विशेष हक्क आहे. मोबाइल फोन किंवा नभोवाणीचें केंद्र घरीं बनवून चालूं करूं म्हटल्यास कोणी तसें करूं देणार नाहीं. हौशी बिनतारीकारास मात्र नेमून दिलेल्या पट्ट्यांत व शक्तीच्या मर्यादेंत स्वतः बांधलेल्या यंत्रावरून बोलण्याची मुभा आहे. ही मुभा त्याला फुकट मिळाली नाहीं. त्याच्या पूर्वसूरींनीं ती आपल्या हातांच्या कर्तबगारीनें मिळविली.

विसाव्या शतकाच्या आरंभीं यंत्र बांधावें कीं विकत घ्यावें हा प्रश्नच नव्हता. कारण विकत मिळण्यासारखें फारसें कांहीं नव्हतेंच. अमेरिकेंतील मुलें ओटच्या पुठ्ठ्याच्या डब्याभोंवतीं तार गुंडाळून वेटोळें करीत, आणि कांचेच्या तावदानांवर धातूचा पत्रा बसवून कंडेन्सर तयार करीत. १९१२ सालीं त्या देशांत कायदा झाला व हौशी लोकांना २०० मीटर आणि त्याहून आंखूड लहरींच्या प्रदेशांत ढकलण्यांत आलें. दूर जावयाचें तर लांब लहरीच पाहिजेत अशी त्या काळच्या जाणत्यांची समजूत होती. पडीक जमिनीचा तुकडा धाकट्या भावाच्या वांट्यास टाकावा, तशांतलाच हा प्रकार. परंतु धाकट्या भावानें त्या पडीक जमिनींत मोत्यांचें पीक काढलें ! १९२१ च्या डिसेंबरांत अमेरिकन हौशी संघानें पाठविलेला पॉल गॉडली हा स्कॉटलंडांतील आर्ड्रोसन येथें समुद्रकांठीं तंबू ठोकून बसला, आणि ग्रिनिच येथील हौशी मंडळींनीं स्वतः बांधलेल्या केंद्राचे संदेश त्यानें अटलांटिकच्या पलीकडून स्पष्ट ऐकले. पुढें १९२३ च्या नोव्हेंबरांत फ्रान्समधील नीस गांवच्या लेऑन दलॉय यानें अमेरिकेंतील श्नेल व राइनार्ट्झ या दोघांशीं सुमारें ११० मीटरांच्या लहरीवर संभाषण केलें. दोन्ही बाजूंनीं बोलणें झालें असें हौशी लोकांचें अटलांटिकपारचें हें पहिलेंच संभाषण होय.

यानंतर जें घडलें तें प्रत्येक शाळेंत सांगण्यासारखें आहे. लंडनच्या उत्तरेस मिल हिल नांवाची शाळा आहे. तेथील सेसिल गॉयडर नांवाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी शाळेंत हौशी केंद्र चालवीत असे. १८ ऑक्टोबर १९२४ रोजीं त्यानें न्यूझीलंडांतील शॅग व्हॅली येथील फ्रँक बेल या मेंढपाळीचा व्यवसाय असलेल्या गृहस्थाशीं बिनतारीनें संभाषण केलें. दोघांमधील अंतर सुमारें १९ हजार किलोमीटर, म्हणजे जवळजवळ अर्धा पृथ्वीगोल ! त्यासाठीं दोघांपाशीं होतीं तीं घरगुती बांधणीचीं यंत्रें. बेलच्या मागून त्याची बहीण ब्रेंडा हिनें तें केंद्र संभाळलें, आणि ती आपल्या देशांतील पहिली स्त्री-बिनतारीकार म्हणून नांवाजली; तेव्हां हा छंद मुलांचाच आहे असें मुलींनीं समजूं नये. गॉयडर पुढें कोण झाला हें कळल्यावर आमच्या वाचकांस विशेष कौतुक वाटेल. १९३६ सालीं तो हिंदुस्थानांत ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता म्हणून आला, आणि दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून लघुलहरींवर कार्यक्रम पोंचविण्याची योजना त्याच्या देखरेखीखालीं १९३८ च्या सुमारास आकारास आली. शाळेंत मिळविलेलें लघुलहरींचें ज्ञान असें आपल्या देशाच्या उपयोगी पडलें.

आतां तयार यंत्रें कशीं आलीं तें पाहूं. अमेरिकेंत सीडर रॅपिड्स या गांवीं आर्थर कॉलिन्स नांवाचा पंधरा वर्षांचा मुलगा होता. १९२५ सालीं मॅकमिलनची तुकडी ग्रीनलंडकडे गेली असतां, त्या जहाजावर बसलेल्या राइनार्ट्झचे संदेश या मुलानें घरच्या यंत्रावर रात्रीमागून रात्री घेतले आणि ते तारऑफिसांतून वॉशिंग्टनला रवाना केले. वर ज्याचें नांव आलें तोच हा राइनार्ट्झ. सरकारी केंद्रांस जें साधेना तें एका शाळकरी पोरानें साधलें. याच कॉलिन्सनें १९३३ सालीं स्वतःच्या नांवाची कंपनी काढली व हौशी लोकांसाठीं उत्तम बांधणीचे प्रक्षेपक तयार करून विकण्यास आरंभ केला. अपोलो यानांतील दळणवळणाच्या साधनांतही पुढें या कंपनीचा मोठा वांटा होता. तेव्हां बाजारचें यंत्र हें घरच्या यंत्राचें वैरी नसून त्याचेंच अपत्य आहे, असें आम्ही म्हणतों.

दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याचीं उरलेलीं यंत्रें स्वस्तांत विकूं लागलीं आणि हौशी मंडळींनीं तीं आपल्या कामाजोगीं करून घेतलीं. अमेरिकेंतील हीथ कंपनीनें १९४७ पासून एक मधला मार्ग काढला : सर्व सुटे भाग व बांधणीची सविस्तर पुस्तिका एका पेटींत घालून द्यावयाची आणि जोडणी गिऱ्हाइकानें करावयाची. हजारों लोक सोल्डरिंग शिकले ते या 'हीथकिट'च्या पेट्यांवर. पुढें जपानी कंपन्यांचीं सुबक व आटोपशीर यंत्रें सर्वत्र पसरलीं. पेट्यांचा व्यापार बसत गेला आणि १९९२ सालीं हीथ कंपनीनें तो बंद केला. आपल्याकडे परदेशी मालाच्या आयातीवर दीर्घकाळ निर्बंध असल्यामुळें बहुतेकांस घरबांधणीवांचून गत्यंतर नव्हतें. मुंबईंत चोरबाजार व लॅमिंग्टन रोड येथें फिरून भाग जमवावे आणि रात्रीं ते जोडीत बसावें, हा कित्येकांचा शिरस्ता होता.

हा झाला इतिहास. आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. आज तयार यंत्र मिळत असतांना घरीं बांधण्याचा खटाटोप कां करावा ?

सर्वांत साधें ग्राहक-यंत्र, म्हणजे संदेश ऐकण्याचें यंत्र, कसें चालतें तें पाहा. तंबोऱ्याच्या दोन तारा जुळविण्याच्या बेतांत असतांना त्यांच्या सुरांत किंचित् फरक असला, तर एक संथ आंदोलन कानांस जाणवतें, हें गाणाऱ्यांस ठाऊक आहे. या यंत्राचें तत्त्व तेंच. समजा, एरियलवर ७०५० किलोहर्ट्झचा, म्हणजे सेकंदास ७० लाख ५० हजार कंपनांचा संदेश आला. एवढीं जलद कंपनें कानास कळणें शक्य नाहीं. परंतु आपण यंत्रांत ७०४९ किलोहर्ट्झचें दुसरें कंपन निर्माण करून तें पहिल्यांत मिसळलें, तर दोहोंतील फरक १ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदास १००० कंपनें, एवढा उरतो; आणि हा शिळेसारखा स्वर कानास स्वच्छ ऐकूं येतो. मूठभर ट्रान्झिस्टर, दोनचार वेटोळीं व एक वीजघट एवढ्या सामुग्रीवर हें काम होतें. जो विद्यार्थी असें यंत्र बांधतो त्याला बेरीज-वजाबाकीचा हा नियम पुस्तकांतून घोकावा लागत नाहीं. तो त्यानें कानांनीं ऐकलेला असतो. आणि ७०४८ किलोहर्ट्झवरचा परका संदेशही त्याच स्वरांत मध्येंच कां घुसतो, याचें कोडेंही त्याचें त्यालाच उलगडतें. कारण ७०४९ आणि ७०४८ यांतील फरकही एकच आहे!

दुसरा लाभ याहून मोठा आहे. स्वतः बांधलेलें यंत्र पहिल्या दिवशीं बहुधा चालत नाहीं. मग बांधणारा मल्टिमीटर हातांत घेऊन क्रमानें तपासूं लागतो : वीज कोठपर्यंत पोंचली ? कंपन सुरू झालें काय ? आवाज वाढविणारा भाग ठीक आहे ना ? जेथपर्यंत बरोबर आहे तेथपर्यंत खूण करावी आणि पुढें सरकावें. कारणावांचून कार्य नाहीं, ही गोष्ट मनावर ठसविण्यास याहून चांगली शाळा आम्हांस ठाऊक नाहीं. उलटपक्षीं आजचें तयार यंत्र बिघडलें तर त्याचें झांकण काढून फारसा लाभ नसतो. मोहरीएवढे भाग यंत्रानेंच बसविलेले असतात आणि अर्धें काम संगणकाच्या आज्ञावलीनें चालतें. मालक त्याच्या कळा फिरविण्यांत कितीही तरबेज असला, तरी दुरुस्तीसाठीं त्यास दुसऱ्याच्या दारीं जावें लागतें.

येथवर वाचून आम्ही तयार यंत्राच्या विरुद्ध आहों असा ग्रह कोणी करून घेऊं नये. घरबांधणीच्या उणिवा स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. पहिली उणीव अस्थिरतेची. यंत्र तापलें कीं वेटोळें किंचित् प्रसरण पावतें व कंपनसंख्या सरकते. हल्लींच्या बोलण्याच्या पद्धतींत ध्वनिलहरीची एकच बाजू पाठवितात. तींत शेंदोनशें कंपनांचा फरक पडला तरी मनुष्याचा आवाज घोगरा नाहीं तर चिरका होतो. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. ७.१ मेगाहर्ट्झवर चालणारा प्रक्षेपक नीट बांधला नाहीं, तर त्याच्या दुपटीवर १४.२ व तिपटीवर २१.३ या ठिकाणींही शक्ति सांडते, आणि तेथें बोलणाऱ्या दुसऱ्यांच्या कामांत व्यत्यय येतो. त्यासाठीं प्रक्षेपकाच्या तोंडाशीं गाळणी, म्हणजे फिल्टर, बसवावा लागतो आणि तो उपकरणांनीं तपासावा लागतो. आकाश हें सार्वजनिक रस्त्यासारखें आहे. तेथें आपली गाडी घरीं बनविलेली आहे, ही सबब चालत नाहीं.

शिवाय असे प्रसंग येतात कीं तेथें शिकण्यास सवड नसते. २६ डिसेंबर २००४ रोजीं त्सुनामीची लाट अंदमान-निकोबारवर आदळली, तेव्हां भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालीं हौशी बिनतारीकारांची एक तुकडी पोर्ट ब्लेअर येथें होती. ती आली होती जगभरच्या हौशी मंडळींशीं संभाषण करण्यासाठीं. परंतु टेलिफोन बंद पडतांच तिनें आपला मूळ बेत बाजूस ठेवून बेटें व मुख्य भूमि यांमध्यें निरोप पोंचविण्याचें काम अंगावर घेतलें. आपला मुलगा जिवंत आहे कीं नाहीं, हें जाणण्यासाठीं आईबाप पलीकडे तळमळत असतांना यंत्र कोणीं बांधलें हें कोणी विचारीत नाहीं. तें त्या क्षणीं चाललें पाहिजे, एवढीच अट असते. अशा सेवेसाठीं कसोटीस उतरलेलें, दुसऱ्यासही सहज चालवितां येईल असें यंत्र जवळ असणें, हेंच शहाणपण. बहुधा तें बाजारचेंच असतें, आणि तसें असण्यांत कमीपणा मुळींच नाहीं.

मग दोहोंचा मेळ कसा घालावा ? त्याचें एक सुंदर उदाहरण आपल्याच देशांत आहे. हैदराबादचे अशहर फरहान यांनीं २००३ सालीं 'बिटएक्स-२०' नांवाच्या यंत्राची आंखणी प्रसिद्ध केली. परदेशांतून मागवावे लागणारे भाग टाळून, गल्लीच्या दुकानांत मिळणाऱ्या मालांतून २० मीटर पट्ट्यावर बोलण्याचें व ऐकण्याचें यंत्र उभें करावें, हा त्यांचा संकल्प. वेटोळीं गुंडाळण्यास त्यांनीं चक्क नळाचे वॉशर सुचविले. संगणकांत वापरतात तसलीं १० मेगाहर्ट्झचीं स्वस्त स्फटिकें घेऊन त्यांचा फिल्टर केला. आणि घरीं केलेलें सुमारें ४ मेगाहर्ट्झचें कंपन त्या १० मध्यें मिळवून १४ मेगाहर्ट्झ साधले. बोलतांना व ऐकतांना तेच भाग उलटसुलट दिशेनें वापरल्यामुळें निम्मा खर्च वांचला. पृथ्वीच्या पाठीवर अनेक देशांतील लोकांनीं हें यंत्र बांधलें. पुढें २०१६ पासून त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्यांचे जोडलेले फलक विक्रीस आले, आणि ते जोडण्याचें काम हैदराबादेंतील स्त्रियांच्या एका गटानें हातांनीं केलें. २०१७ अखेर निघालेल्या 'मायक्रो-बिटएक्स'ची किंमत आरंभीं १०९ डॉलर होती. शंभर वॅटचें नवें परदेशी यंत्र मात्र लाख रुपयांच्या घरांत जातें. फलक तयार मिळतो. परंतु पेटी, बटणें, तारा व सर्व जुळवाजुळव घेणाऱ्यानें करावयाची. नकाशा सर्वांस खुला असल्यामुळें ज्याला त्यांत फेरफार करावासा वाटेल त्यानें तो खुशाल करावा.

एक गोष्ट मात्र प्रत्येकानें घरींच करावी असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. ती म्हणजे एरियल, ज्यास हल्लीं अँटेना म्हणतात. हिशेब सातवीच्या मुलासही येण्यासारखा आहे. ३०० या संख्येस मेगाहर्ट्झनें भागलें म्हणजे लहरीची लांबी मीटरांत निघते. ७.१ मेगाहर्ट्झसाठीं ती सुमारें ४२ मीटर. तिची निम्मी २१. आणि तारेच्या टोंकांच्या परिणामामुळें त्यांतून शेंकडा पांच वजा करतां राहिली सुमारें २० मीटर. एवढी तांब्याची तार मधोमध तोडून, दोन्ही टोंकांस प्लॅस्टिकचे तुकडे बांधून उंचावर ताणावी, आणि मधून यंत्राकडे केबल आणावी. झाली एरियल तयार. पांच वॅटऐवजीं शंभर वॅटचें यंत्र घेतलें, तर शक्ति वीसपट होते खरी. पण ऐकणाऱ्याच्या मापकावरचा कांटा जेमतेम दोन खुणाच पुढें सरकतो. सखल व आंखूड एरियल उंच आणि योग्य मापाची केल्यास कित्येकदां तितकाच लाभ पदरांत पडतो, आणि खर्च तारेपुरताच येतो.

तेव्हां विद्यार्थ्यांनीं पुढील क्रम धरावा असें आम्ही सुचवितों. प्रथम लहानसें ग्राहक-यंत्र बांधून ऐकण्याची संवय करावी. नंतर एरियल उभारावी व तिच्या लांबी-उंचीचे प्रयोग करून निकाल वहींत टिपून ठेवावे. त्याच सुमारास परीक्षेचा अभ्यास करून परवाना मिळवावा. परवान्यावांचून एक क्षणही प्रक्षेपण करूं नये. मग दोनचार वॅटचा प्रक्षेपक जाणत्या माणसाच्या नजरेखालीं बांधावा. एवढें झाल्यावर ज्यास बाजारचें यंत्र घ्यावयाचें असेल त्यानें तें जरूर घ्यावें. आपण काय घेत आहों हें त्याला आतां कळेल. वीजघटावर चालणाऱ्या बारा व्होल्टच्या यंत्रांवरच हात बसवावा. जुन्या व्हाल्वच्या यंत्रांत शेंकडों व्होल्ट असतात, आणि बटण बंद केल्यावरही कंडेन्सरमध्यें प्राणघातक भार राहूं शकतो; त्यांस मुलांनीं एकट्यानें हात लावूं नये. एरियलची तार विजेच्या तारांच्या जवळपास कधींही नेऊं नये, आणि वळवाचे ढग दिसूं लागतांच ती यंत्रापासून सोडवावी.

पालकांस आमची विनंती एवढीच कीं, मुलाचा हट्ट पुरवावयाचा तर उलट्या टोंकापासून आरंभ करूं नये. पहिल्या वर्षीं एक बरें सोल्डरिंग आयर्न, एक मल्टिमीटर, थोडी तार आणि सुटे भाग एवढें पुरे आहे. पुण्यास तपकीर गल्लींत किंवा मुंबईस लॅमिंग्टन रोडवर मुलाबरोबर एक फेरी मारावी, म्हणजे तो काय मागतो व कां मागतो हें त्याच्याच तोंडून कळेल. टेबलावर पडलेला तारांचा पसारा पाहून रागावूं नये. मुलाच्या वहींत आंकडे आहेत कीं नाहींत तेवढें पाहावें. आंकडे असतील तर तो अभ्यास आहे. नसतील तर यंत्र दहा रुपयांचें असो वा लाखाचें, तो खेळच समजावा.